अठरा पूर्ण झाल्यावर पत्ता कुठला?

पुण्याच्या पेठांमध्ये खोली भाड्यानं मिळते, तशी नुसती कॉटही मिळते. नारायण, सदाशिव, शनिवार पेठेत विजेच्या खांबावर चिकटवलेले ‘कॉट बेसिस’चे कागद वर्षानुवर्षं दिसत आले आहेत. एका खोलीत तीन-चार लोखंडी कॉट, डोक्याशी पुस्तकांची फळी, संडास सामाईक, मेस शेजारच्या बोळात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी लातूर, बीड, नांदेडहून आलेला मुलगा या व्यवस्थेत चार दिवसांत रुळतो. डिपॉझिट वडील पाठवतात, आधार कार्डावर गावचा पत्ता असतो आणि घरमालकाच्या कागदावरच्या ‘घरच्यांचा फोन नंबर’ या रकान्यात लिहायला नंबर असतो. दिवाळीत मेस बंद झाली, तर तो एसटी पकडून घरी जातो.

हाच कागद बालगृहातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलापुढे आला, की पहिल्या तीन रकान्यांतच त्याची गाडी अडते. आधारवरचा पत्ता संस्थेचा, आणि संस्था तर सुटलेली. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक अनेकदा अधीक्षकांचा. डिपॉझिट कुठून आणायचं, हा पुढचा प्रश्न. आणि ‘घरचे कोण?’ या घरमालकाच्या साध्या चौकशीला खरं उत्तर द्यावं तर खोली जाते, खोटं द्यावं तर पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदणीत ते उघडं पडतं. दिवाळीत मेस बंद झाल्यावर त्यानं कुठं जायचं, हे तर कुणी विचारतही नाही.

कायद्यानं या मुलांचा विचार केलेला नाही, असं म्हणता येणार नाही. २०१५च्या बाल न्याय अधिनियमात संस्थेतून बाहेर पडणाऱ्या अठरा ते एकवीस वयाच्या मुलामुलींसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. २०१६च्या आदर्श नियमांपैकी पंचविसावा नियम अपवादात्मक परिस्थितीत ही मदत तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवू देतो. सहा ते आठ जणांच्या गटानं तात्पुरतं एकत्र राहावं अशी निवासाची सोय, शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू असेपर्यंत विद्यावेतन, संपर्कात राहणारा समुपदेशक, व्यवसायासाठी कर्जाची व्यवस्था, असं सगळं त्या नियमात लिहिलेलं आहे. मूल संस्थेतून बाहेर पडण्याआधी दोन महिने त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे ठेवावा, असंही त्यात आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मधून अशा प्रत्येकाला दरमहा ४,००० रुपये देण्याची सोय २०२२ पासून आहे.

पण मूळ अधिनियमाचं ४६वं कलम म्हणतं, की अठरा वर्षं पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य ‘देता येईल’. दिलंच पाहिजे, असं ते म्हणत नाही. आणि ते बोलतं पैशांबद्दल, छपराबद्दल नाही. छप्पर नियमांत आलं, तेही एका ओळीत. सरकारी कारभारात ‘देता येईल’ याचा अर्थ काय होतो, हे ज्यानं कधी तहसील कचेरीत खेटे घातले आहेत त्याला सांगायला नको.

या साऱ्याचा महाराष्ट्राला सर्वांत ठळकपणे माहीत झालेला चेहरा पुण्यातूनच पुढे आला. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेली अमृता करवंदे अठराव्या वर्षी तिथून बाहेर पडून पुण्यात आली. या शहरातली तिची पहिली रात्र रेल्वे स्थानकावर गेली. मिळेल ते काम करत ती शिकली, राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसली. तिथं ‘नॉन-क्रीमी लेअर’चा दाखला नाही म्हणून तिची संधी हुकली. आई-वडीलच ठाऊक नाहीत, तर त्यांच्या उत्पन्नाचा दाखला कुठून आणणार? हा प्रश्न तिनं थेट तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापर्यंत नेला आणि जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं शिक्षणात व सरकारी नोकरीत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण मंजूर केलं. देशात असा निर्णय घेणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्राची गणना झाली आणि ती योग्यच होती.

तरीही या कहाणीतली स्थानकावरची रात्र आरक्षणानं पुसली जात नाही. आरक्षणाचा लाभ पदवी हातात आल्यावर, परीक्षा पार केल्यावर मिळतो. अठराव्या वाढदिवसापासून त्या दिवसापर्यंत चार-पाच वर्षं जातात, कधी सहाही. ही वर्षं कुठं काढायची? बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि एखाद्याला अठरा वर्षं जानेवारीतच पूर्ण होतात. औंधच्या आयटीआयमध्ये प्रवेश मिळाला, पण रात्री पाठ टेकायची जागा हडपसरपलीकडे, तर पहाटेची बस चुकते आणि हजेरी घसरते. हजेरी घसरली की विद्यावेतन अडकतं. मग मुलगा एखाद्या हॉटेलात वेटर म्हणून लागतो, कारण तिथं पगाराबरोबर झोपायला पोटमाळा मिळतो. शिक्षण तिथंच थांबतं, आणि आरक्षणाची ती एक टक्का जागा त्याच्यापुरती कागदावर राहते.

दिल्लीच्या ‘उदयन केअर’नं २०१९ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या, संस्था सोडलेल्या ४३५ तरुणांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अनुरक्षणाच्या गरजा आठ अंगांनी मांडल्या आहेत. शिक्षण, रोजगार, आरोग्य, मनाची स्थिती, ओळखीची कागदपत्रं, माणसांचा आधार अशा त्या यादीत निवारा हेही एक अंग आहे. यादीत सगळी अंगं शेजारी-शेजारी बसतात. प्रत्यक्षात मात्र निवारा हलला की बाकीची सातही हलतात. क्षयरोगाच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवायच्या तरी राहायचा पत्ता एकच लागतो.

पुण्याला हे शिकवावं लागावं, हीच खरी आश्चर्याची गोष्ट. परक्या मुलांना छप्पर देऊन शिकवणं ही या शहराची जुनी विद्या आहे. वार लावून जेवणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या इथं शिकल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या पद्धतीत जातीची कुंपणं होती आणि उपकाराचा वासही होता, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण शिकणाऱ्या पोराचं पोट ही फक्त त्याच्या बापाची जबाबदारी नाही, एवढं त्या पद्धतीला कळत होतं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि काही वर्षांत तो हिंगण्याच्या माळावर नेला. १९०९ मध्ये दादासाहेब केतकरांनी अनाथ विद्यार्थी गृह काढलं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. या संस्थेचं वेगळेपण असं, की तिथं निराधार मुलांना फक्त आश्रय मिळाला नाही. संस्थेनं छापखाना काढला, पुस्तकं प्रकाशित केली, शाळा चालवली, आणि मुलगा शिकून आपल्या पायावर उभा राहीपर्यंत हे घर त्याचं राहील अशी रचना केली. आज त्याच संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुढं १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती उभी केली. खेड्यातून आलेल्या गरीब मुलामुलींना माफक खर्चात राहणं-जेवण, त्याबदल्यात वसतिगृहाची कामं त्यांनीच करायची, कमवायचं आणि शिकायचं. समितीची वसतिगृहं आजही भरलेली असतात.

या संस्था काढणाऱ्यांकडे सरकारी अनुदानाची शाश्वती नव्हती. देणगीदारांच्या दारात उभं राहूनच त्यांनी पैसा जमवला. तरी त्यांनी वयाची रेघ ओढली नाही, शिक्षणाची ओढली. एवढा साधा फरक आजच्या अनुरक्षणाच्या धोरणाला जमलेला नाही.

ज्यांनी अठराची रेघ मानली नाही, अशी माणसं जवळच सापडतात. पुण्याजवळ मांजरी बुद्रुकला सन्मती बाल निकेतन चालवणाऱ्या सिंधुताई सपकाळ ४ जानेवारी २०२२ रोजी गेल्या. मुलं किती सांभाळली, यापेक्षा सुना किती आणल्या आणि जावई किती केले, हे सांगताना त्यांचा आवाज जास्त चढायचा. त्यांच्या लेखी मूल वाढवणं म्हणजे त्याचं बस्तान बसेपर्यंत वाढवणं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं आडनाव दिलं आणि अठरा पूर्ण झाले म्हणून त्यांना बाहेर काढायला सरळ नकार दिला. मतिमंद किंवा अंध मूल अठराव्या वाढदिवशी एकाएकी स्वावलंबी कसं होईल, हा त्यांचा प्रश्न. अशा मुलांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांच्याच घरात वाढलेली अंध मुलगी माला पापळकर लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याची बातमी राज्यभर पोचली. वय भरलं म्हणून तिला वेळेवर बाहेर काढलं असतं, तर ती परीक्षा कुठं बसून दिली असती?

लातूर जिल्ह्यातल्या हासेगावची गोष्ट तर या विषयाला नेमकी भिडते. रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी तिथं सेवालय सुरू केलं. सुरुवातीला गावानं या मुलांना शाळेत येऊ द्यायलाही विरोध केला होता. औषधं वेळेवर मिळाल्यानं मुलं जगली, वाढली आणि अठराची झाली, तेव्हा नवा पेच उभा राहिला. ही मुलं कुणाच्या घरी जाणार, त्यांना खोली कोण देणार? मग मोठ्या झालेल्या मुलांसाठी वेगळी वसाहत उभी राहिली. तिचं नाव ‘हॅपी इंडियन व्हिलेज’, म्हणजे ज्या तीन अक्षरांनी मुलांना वाळीत टाकलं तीच अक्षरं नावात घेतलेली. तिथं ही तरुण मंडळी काम करतात, त्यांची लग्नं लागली, संसार उभे राहिले.

ही सगळी उदाहरणं थोर आहेत आणि नेमका तोच त्यांचा दोष आहे. ती एकेका माणसाच्या हट्टावर उभी आहेत. माणूस थकला की संस्थेचं काय होतं, हे महाराष्ट्रानं पुष्कळदा पाहिलं आहे. शिवाय प्रत्येक मुलाच्या नशिबी सिंधुताई येत नाहीत. बहुतेकांच्या वाट्याला येतो एक अधीक्षक, दोन काळजीवाहक आणि एक फाइल. त्यांच्यासाठी व्यवस्था हवी, आणि ती व्यवस्था करण्याची जबाबदारी सरकारची व शहराची.

आता पैशांकडे पाहू. दरमहा ४,००० म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये. हा आकडा पुण्याला आणि गडचिरोलीला सारखाच. याउलट अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्यानंच आखलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना पाहावी. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला स्वतःची सोय करण्यासाठी ती रोख रक्कम देते, आणि रक्कम ठरवताना शहर पाहते. मुंबई, पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. लहान शहरांत हा आकडा उतरत जातो. म्हणजे पुण्यात राहणं महाग आहे, हे राज्य सरकारला ठाऊक आहे, लेखी ठाऊक आहे. ते ज्ञान समाजकल्याणच्या फाइलमधून महिला व बालविकासच्या फाइलमध्ये गेलं नाही, एवढंच. आणि स्वाधारच्या विद्यार्थ्याला अडीअडचणीला निदान एक घर असतं. ज्याला तेही नाही, त्याला बारा हजार कमी.

कोविडच्या वेळी सरकारं मनात आणलं तर काय करू शकतात, हेही दिसलं. साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्रानं ‘पीएम केअर्स’मधून तेविसाव्या वर्षापर्यंतचा विचार करून १० लाखांची तरतूद केली, महाराष्ट्रानं वेगळी ५ लाखांची ठेव ठेवली. चांगलंच झालं. पण आई-बाप विषाणूनं गेले की दारूनं, अपघातानं की ते कोण होते हेच माहीत नाही, यावरून अठराव्या वर्षानंतरची भूक काही वेगळी होत नाही.

रोख रकमेनं तरी सगळं सुटेल का? पुण्याच्या भाडेबाजारात नाही. खात्यात चार हजारांऐवजी सहा हजार आले तरी घरमालकाचा ‘घरचे कोण?’ हा प्रश्न तसाच राहतो. त्यामुळे पैशांबरोबर प्रत्यक्ष घरं लागतील. कशी, यावर इथं जरा तपशिलात बोलायला हवं, कारण सरकारी कल्पनाशक्ती अशा वेळी हटकून शहराबाहेर पाच एकर जागा, कमान आणि शंभर खाटांची इमारत इथवर धावते. ज्या मुलानं पंधरा वर्षं रांगेत ताट घेतलं, त्याला अठराव्या वर्षी आणखी एका रांगेत उभं करणं म्हणजे अनुरक्षण नव्हे.

सहा ते आठ जण ही नियमातली संख्या शहाणपणाची आहे. एवढी माणसं पुण्यातल्या दोन लगतच्या टू-बीएचके फ्लॅटमध्ये मावतात. घर वस्तीत असावं: कोथरूड, धनकवडी, वारजे, विश्रांतवाडी, जिथून बस मिळते, कॉलेज, आयटीआय, दुकानातली नोकरी गाठता येते. दारावर संस्थेची पाटी नसावी. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे; त्या नोंदवलेल्या करारात राहणाऱ्या तरुणाचं नाव यावं. तो कागद त्याचा पत्त्याचा पहिला पुरावा ठरेल, आधार दुरुस्तीला, बँकेला, गॅस जोडणीला चालेल. हमी संस्थेनं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षानं घ्यावी. स्वयंपाक मुलांनी करावा. विजेचं बिल त्यांच्या हातात पडावं, म्हणजे पंखा चालू ठेवून बाहेर जाण्याची किंमत कळेल. पहिल्या वर्षी भाड्यातला नाममात्र वाटा, कमाई सुरू झाली की वाढता वाटा.

आणि देखभाल. अशा घरांच्या गोष्टीत हा शब्द शेवटच्या परिच्छेदात येतो, म्हणून तो इथं मध्यावरच आणलेला बरा. सरकारी इमारतीतला नळ गळू लागला, तर दुरुस्तीचा प्रस्ताव सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो आणि पावसाळा संपतो. खासगी पीजीत नळ लगेच दुरुस्त होतो, पण खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर बसवलेला असतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनं कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावल्याच्या बातम्या या राज्यात नव्या नाहीत. गच्चीवर पत्रे टाकून वाढवलेले मजले, एकच अरुंद जिना, लोंबत्या वायरी ही स्वस्त निवासाची नेहमीची लक्षणं. ज्या तरुणाला तक्रार केल्यास बाहेर काढलं जाण्याची भीती आहे, तो गळक्या छताखाली मुकाट्यानं कॉट सरकवून झोपेल. म्हणून भाड्याच्या तरतुदीबरोबरच देखभालीचा ठरावीक निधी हवा, किरकोळ दुरुस्तीचा खर्च घर सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला वर न विचारता करता यायला हवा, आणि वर्षातून एकदा विजेची, गॅसची, आगीपासूनच्या सुरक्षेची तपासणी बाहेरच्या माणसाकडून व्हायला हवी.

गंमत अशी, की अठराच्या आतल्या मुलांसाठी कायदा या बाबतीत चांगलाच काटेकोर आहे. पन्नास मुलांच्या बालगृहात पंचवीस जणांमागे हजार चौरस फुटांचं शयनगृह हवं, पाच न्हाणीघरं आणि आठ शौचालयं हवीत, असं कोष्टक नियमांत आहे. जिल्ह्याच्या पाहणी समितीनं तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची आहे. अनुरक्षणाच्या ओळीत सहा ते आठ जण एवढंच लिहिलं आहे. किती चौरस फुटांत, किती न्हाणीघरांत, कुणाच्या तपासणीखाली, याचं कोष्टक तिथं नाही.

इंग्लंडनं ही चूक मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. तिथं सोळा-सतरा वर्षांच्या, सरकारी देखरेखीखालच्या मुलांसाठी आधारासह निवास पुरवणाऱ्या खासगी कंपन्या भराभर वाढल्या, आणि ती घरं कुणाच्याच तपासणीत नव्हती. ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२१ पासून सोळाखालच्या मुलांना अशा ठिकाणी ठेवायला बंदी आली आणि ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय असा निवास चालवणं गुन्हा ठरलं. शाळा तपासणारी ‘ऑफस्टेड’ आता ही घरंही तपासते. तिचे निकष चार: व्यवस्थापन, संरक्षण, निवासाचा दर्जा आणि मिळणारा आधार. घरं आधी आणि नियम कित्येक वर्षांनी, असा क्रम पुण्यानं लावायचं कारण नाही. इथं अजून अशा घरांची व्यवस्थाच उभी नाही, तेव्हा दोन्ही एकदमच आणता येतील.

सुरक्षेचा विषय निघाला की मुलींचा मुद्दा येतो, आणि तिथं एक जुनी वाट अजून वापरात आहे: अठरा पूर्ण झाली, स्थळ पाहा. लग्न हे पुनर्वसन मानण्याची सवय संस्थांना, देणगीदारांना आणि कधी कधी अधिकाऱ्यांनाही आहे. मांडवाचे फोटो छान येतात. मुलीला खरोखर लग्न करायचं असेल तर करावं, धूमधडाक्यात करावं. पण राहायला दुसरी जागाच नाही म्हणून दिलेल्या होकाराला होकार म्हणणं अवघड आहे. वीस वर्षांच्या मुलीला नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करेपर्यंत स्वतःच्या किल्लीचं घर असेल, तर ती स्थळाला नाही म्हणू शकते. मांडलेला संसार बिघडला तर परत येऊ शकते. ‘परत येण्याची सोय’ हा अनुरक्षणाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे. सामान्य घरातली मुलं नोकरी सुटल्यावर महिना-दोन महिने आई-वडिलांकडे येऊन राहतातच की.

घराची किल्ली देणाऱ्याच्या हाती सत्ता येते, हेही विसरून चालणार नाही. अचानक खोलीची झडती घेणारा, ‘तुमच्यावर उपकार केले’ हे रोज ऐकवणारा किंवा त्याहून वाईट वागणारा व्यवस्थापक असेल, तर तक्रार कुठं करायची? अशा तरुणांचा एक प्रतिनिधी जिल्हा पातळीवरच्या समितीत हवा. राज्यात संस्थांतून मोठे झालेल्यांनी स्वतः उभ्या केलेल्या संघटना आहेत, अठरानंतरच्या अनाथ तरुणांसाठी काम करणारं ‘तर्पण फाउंडेशन’ आहे. अनुभवी माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही.

‘हे असंच चालू ठेवलं तर ही मुलं कधी पायावर उभी राहणार?’ असा आक्षेप येतो, बहुधा अशा माणसाकडून ज्याचा स्वतःचा मुलगा सव्विसाव्या वर्षीही घरीच राहतो आणि आईच्या हातची पोळी खातो. हिमाचल प्रदेशानं या आक्षेपाला २०२३ मध्ये कायद्यानंच उत्तर दिलं. तिथल्या ‘सुख-आश्रय’ योजनेत निराधार मुलांना राज्याचीच मुलं मानलं आहे, सांभाळाची मर्यादा सत्तावीस वर्षांपर्यंत नेली आहे आणि घर बांधण्यासाठी तीन बिस्वा (तिथलं जमीन मोजण्याचं एकक) जमीन व तीन लाख रुपयांची तरतूद आहे. हिमाचल हे काही महाराष्ट्राहून श्रीमंत राज्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: पुण्यात झोपडपट्टीत लाखो माणसं राहतात, त्यांना घर नाही, मग यांनाच का? उत्तर असं, की या मुलांचं पालकत्व राज्यानं कायद्यानं स्वतःकडे घेतलेलं आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशानं त्यांना संस्थेत ठेवलं, कुठं शिकायचं आणि कुणाला भेटायचं हे राज्याच्या यंत्रणेनं ठरवलं. इतकी वर्षं पालक म्हणून हक्क गाजवणाऱ्यानं अठराव्या वर्षी अनोळखी होऊ नये. शिवाय संख्या हजारोंत नाही. पुण्यासारख्या जिल्ह्याला सुरुवातीला लागतील ती काही डझन घरं.

ती मिळू शकतात. आरक्षित भूखंडांच्या बदल्यात बिल्डरांकडून आलेल्या सदनिका पुणे महापालिकेच्या ताब्यात आहेत आणि त्यांचं काय करायचं यावर पालिकेत अधूनमधून चर्चा झडत असते. म्हाडाचं पुणे मंडळ इथंच आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र विभाग आहे, त्यात विद्यार्थी, नोकरदार महिला, बेघर व निराधार यांचा विचार केलेला आहे. महापालिकेच्या महिला व बालकल्याणाच्या निधीतून शिलाई यंत्रं वाटण्याऐवजी दोन इमारतींतल्या वीस सदनिकांची देखभाल झाली, तर त्या पैशाचा हिशेब देताना कुणाला खाली बघावं लागणार नाही.

राज्याच्या महिला व बालविकास विभागाचं आयुक्तालय पुण्यातच, राणीच्या बागेत आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक बालगृहातल्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख त्या यंत्रणेच्या नोंदीत असते. येत्या जूनपासून पुढच्या जूनपर्यंत कोण कोण अठराचं होणार, त्यांतल्या मुली किती, दिव्यांग किती, कोण बारावीला आहे आणि कुणाला पॉलिटेक्निक हवंय, याची यादी एका दुपारी काढता येते. ती यादी दोन महिने आधी नव्हे, दोन वर्षं आधी निघायला हवी, म्हणजे सोळाव्या वर्षीच मुलाला त्याचं पुढचं घर दाखवून आणता येईल. महापालिकेचं अंदाजपत्रक नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी मांडलं जातं. आयुक्तालय आणि जिल्हाधिकारी यांनी ती यादी दिवाळीपूर्वी महापालिकेला दिली, तर पहिल्या दहा सदनिकांसाठीची तरतूद येत्याच अंदाजपत्रकात करता येईल, आणि जूनमध्ये कॉलेजं उघडतील तेव्हा किल्ल्या तयार असतील.